गांव करी तें राव न करी

महोत्सवाच्या प्रसंगीं माणसाची दृष्टि साहजिकच मागें वळते. मंदिर कोणीं बांधलें, घंटा कोणीं दिली, शाळेचा पहिला वर्ग कोणाच्या ओसरीवर भरला, या गोष्टींचें स्मरण आपण अशा वेळीं आदरानें करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या गांवांत आपला हा धर्मग्राम वसला आहे, त्या गांवाच्याहि कांहीं सामाईक वस्तु आहेत. त्या एकट्या आपल्या नाहींत, आणि म्हणूनच त्यांची आठवण करण्याचें आपल्याकडून राहून जातें. सार्वजनिक वाचनालय ही अशीच एक वस्तु होय. बाजारपेठेंतून जातां-येतां त्याची पाटी आपल्याला दिसते, आंत वर्तमानपत्रें चाळणारीं चार वयस्कर माणसें दिसतात, आणि हें सारें चालवितें तरी कोण, असा प्रश्न क्षणभर मनांत येतो. सरकार चालवीत असेल, असें स्वतःशीं म्हणून आपण पुढें जातों.

हा समज अपुरा आहे, आणि वाचनालयास घातकहि आहे. आपल्या भाषेंत एक जुनी म्हण आहे: गांव करी तें राव न करी. महाराष्ट्रांतील वाचनालयांचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास म्हणजे या म्हणीवरील एक दीर्घ भाष्यच आहे. तो इतिहास संक्षेपानें वाचकांपुढें ठेवावा, आणि त्यांतून आपल्या गांवापुरता कांहीं बोध निघतो कीं काय तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्या प्रांतांत सार्वजनिक वाचनालयाची कल्पना इंग्रजी अमलाबरोबर आली. १८१८ मध्यें पेशवाई संपली, आणि अवघ्या दहा वर्षांनीं, १८२८ मध्यें, रत्नागिरीस वाचनालय निघालें. महाराष्ट्रांतील सर्वांत जुन्या वाचनालयाचा मान त्याच्याकडेच जातो. त्यानंतर १८४० मध्यें नाशिक, १८४८ मध्यें पुणें, १८५० मध्यें कोल्हापूर, १८६४ मध्यें कल्याण आणि चिपळूण, १८६९ मध्यें सांगली, अशीं एकामागून एक वाचनालयें उघडलीं. त्यांपैकीं कित्येकांचें आरंभीचें नांव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असें होतें. पुढें त्यांचीं नगर वाचनालयें व वाचन मंदिरें झालीं.

याच काळांत, १८३२ मध्यें, पणजीस पोर्तुगीज सरकारनें सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केलें. आणि गोव्यांतील धर्मसंघांचे मठ पुढें बंद करण्यांत आले, तेव्हां त्या मठांतील कांहीं ग्रंथ तेथें जमा झाले. तें ग्रंथालय राजाज्ञेनें जन्मास आलें. आपल्याकडील वाचनालयांची रीत निराळी. मामलेदार, मुन्सफ, वकील, शाळामास्तर, पेढीवाले आणि एखादा विद्याप्रेमी इंग्रज अंमलदार अशीं दहावीस माणसें एकत्र बसत, वर्गणीची यादी करीत, आणि जमलेल्या पैशांतून पुस्तकें व वर्तमानपत्रें मागवीत. पुण्याच्या वाचनालयामागें गोपाळ हरि देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, यांची खटपट होती. खोली बहुधा भाड्याची किंवा कोणाच्या तरी वाड्यांतील, कपाटें देणगीचीं, आणि चिटणीस बिनपगारी, असा संसार असे. ग्रंथांपेक्षांहि वर्तमानपत्राची ओढ मोठी. डाकेनें आलेला अंक एकानें मोठ्यानें वाचावा आणि भोंवतीं बसलेल्यांनीं ऐकावा, असा प्रकार त्या काळीं चाले.

त्या वाचनालयांचा उंबरठा सर्वांस सारखा नव्हता, हेंहि येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. वर्गणी देण्याची ऐपत थोड्यांची, अक्षरओळख त्याहून थोड्यांची. स्त्रियांचा प्रवेश क्वचित्; आणि ज्यांना गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, त्यांना पुस्तकाच्या कपाटापर्यंत कोण येऊं देणार? ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर आधीं आला. तो अर्थानें खरा होण्यास पुष्कळ काळ लागला. ही गोष्ट आपण विसरूं नये. वाचनालय हें अमक्यांचें, तें आपलें नव्हे, अशी जी भावना कांहीं घरांतून अद्याप आढळते, तिचें मूळ या जुन्या उंबरठ्यांत आहे. परंतु उंबरठा झिजवावयाचा तर तो ओलांडणाऱ्यांनींच झिजवावा लागतो.

अशा आरंभांत एक मोठा धोका होता. उत्साह उद्घाटनाच्या दिवशीं भरपूर असतो. तिसऱ्या वर्षीं वर्गणी थकूं लागते, आणि पांचव्या वर्षीं पुस्तकांस कसर लागते. ज्या वाचनालयाचा सारा भार एकाच अंमलदाराच्या किंवा एकाच धनिकाच्या खांद्यावर असतो, तें त्या अंमलदाराच्या बदलीबरोबर किंवा त्या धनिकाच्या निधनाबरोबर पोरकें होतें. ज्याचा भार शंभर लहान वर्गणीदारांत वांटलेला असतो, त्याचीं दहा माणसें गेलीं तरी नव्वद उरतात, आणि तीं नव्वद माणसें नव्या दहांना शोधून आणतात. शंभर-दीडशें वर्षें टिकलेलीं जीं वाचनालयें आपण आज पाहतों, त्यांच्यामागें हेंच साधें गणित आहे.

पुस्तक कोणाच्या बळावर टिकतें, या प्रश्नाचें एक उत्तर तर आपल्या घरींच आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले, आणि त्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचिलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्यें गोव्यांतील राशोल येथें छापला गेला. १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत उपलब्ध नाहीं. राजसत्तेची अनुज्ञा होती तोंवर छापखाना चालला. परंतु वारें फिरलें, आणि १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढलें. छापील प्रती नष्ट झाल्या, तरीहि ग्रंथ राहिला. कारण गोवा सोडून दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतून त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या गेल्या होत्या. अशा हस्तलिखितांच्या आधारें १९०७ मध्यें मंगळुरास जोसेफ साल्डान्हा यांनीं तो पुन्हां छापून काढला. रावाच्या राज्यांत जें हरवलें, तें घराघरांतील पेट्यांनीं राखलें. ज्या समाजाचा असा अनुभव आहे, त्यास ग्रंथरक्षणाचें महत्त्व दुसऱ्या कोणीं पटवून द्यावें लागूं नये.

पण प्रत्येक पुस्तकास असें भाग्य लाभत नाहीं. घरची पेटी एका पिढीच्या निष्काळजीपणानें रिकामी होते. म्हणून पेटीचें काम सर्वांनीं मिळून करावें, आणि त्यासाठीं संस्था असावी, ही गोष्ट एका तरुणाच्या मनानें घेतली. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनीं कांहीं सहकाऱ्यांसह १८९३ मध्यें त्या गांवीं मराठी ग्रंथसंग्रहालय काढलें. तेव्हां त्यांना बाविसावें वर्ष चालू होतें. मराठी वाङ्मयाचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्रसिद्ध इतिहास त्यांच्या हातून अद्याप लिहावयाचा होता. मराठी ग्रंथ मराठी माणसानेंच एकत्र करून जतन केले पाहिजेत, हा त्यांचा संकल्प. पांच वर्षांनीं, १८९८ मध्यें, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. या दोन्ही संस्था आजहि चालू आहेत. त्यांतील पहिलीचा आरंभ कोणा संस्थानिकाच्या दरबारांत झाला नाहीं. ठाण्यासारख्या त्या वेळच्या लहान गांवांतील कांहीं वाचकांच्या निश्चयांतून झाला.

आतां कोणी म्हणेल कीं, राजानें एकदां मनांत आणिलें तर तो गांवापेक्षां किती तरी अधिक करूं शकेल. तसा एक राजा होऊनहि गेला; आणि आश्चर्य असें कीं, या म्हणीचें मर्म त्यानेंच सर्वांत चांगलें जाणलें होतें. बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांनीं आपल्या राज्यांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. १८९३ मध्यें अमरेली भागांत त्याचा प्रयोग झाला, आणि १९०६ मध्यें तो नियम सर्व राज्यास लागू करण्यांत आला. परंतु शाळा सुटल्यावर मुलाच्या हातीं पुस्तक पडलें नाहीं, तर शिकलेलीं अक्षरें थोड्याच वर्षांत पुसून जातात. शाळेच्या पाठीशीं वाचनालय असल्यावांचून शाळेचा खर्च व्यर्थ, हें महाराजांनीं ओळखलें. अमेरिकेंतील ग्रंथालयें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलीं होतीं. १९१० मध्यें त्यांनीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणिलें, आपल्या राजवाड्यांतील सुमारें वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास दिले, आणि जेथें वाचनालय नव्हतें अशा ठिकाणीं पेट्यांतून पुस्तकें फिरतीं ठेविलीं.

गांवोगांवचीं वाचनालयें स्थापन करण्याचा नियम मात्र त्यांनीं मोठ्या विचारानें घालून दिला. गांवकऱ्यांनीं प्रथम ठराविक रक्कम आपसांत जमवावी. ती जमली म्हणजे तितकीच रक्कम प्रांत पंचायतीनें आणि तितकीच सरकारनें घालावी. इमारतीच्या खर्चासहि हेंच तीन वांट्यांचें सूत्र होतें. एखाद्या खेड्याच्या वाचनालयाचा सर्वच खर्च खजिन्यांतून देणें महाराजांस कांहीं जड नव्हतें. तरी त्यांनीं पहिला वांटा गांवाकडे मागितला, आणि तोहि प्रथम मागितला. फुकट मिळालेल्या कपाटाची चौकशी कोणी करीत नाहीं. परंतु ज्या कपाटांत आपले चार आणे गुंतले आहेत, त्यास कुलूप दिसलें तर मनुष्य दारांत उभा राहून कारण विचारतो. महाराजांस पैसा नको होता. हा विचारणारा मनुष्य हवा होता.

बॉर्डन ज्या देशांतून आले, त्या देशांतहि याच सुमारास हाच नियम निराळ्या हातांनीं अमलांत येत होता. पोलादाच्या धंद्यांत अपार संपत्ति मिळविलेले अँड्र्यू कार्नेगी हे मूळचे स्कॉटलंडमधील एका विणकऱ्याचे पुत्र. अमेरिकेंत आल्यावर लहानपणीं ते तारेचे निरोप पोंचविण्याचें काम करीत. त्या काळीं कर्नल जेम्स अँडरसन नांवाच्या गृहस्थानें आपलीं सुमारें चारशें पुस्तकें कामकरी मुलांसाठीं खुलीं केलीं होतीं. शनिवारीं एक पुस्तक न्यावें आणि पुढच्या शनिवारीं तें परत करून दुसरें न्यावें. त्या उपकाराची फेड कार्नेगी यांनीं अशी केली कीं, त्यांच्या देणगीनें अनेक देशांत मिळून अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयें उभीं राहिलीं. पहिलें १८८३ मध्यें त्यांच्या जन्मगांवीं, डनफर्मलिन येथें, उघडलें.

परंतु या उदार पुरुषाचीहि एक अट असे. इमारतीचा पैसा ते देत. जागा मात्र गांवानें द्यावी, आणि देणगीच्या एक-दशांश इतकी रक्कम दरवर्षीं आपल्या करांतून ग्रंथालयावर खर्च करूं, असें गांवानें वचन द्यावें. दहा हजार डॉलर हवे असतील तर वर्षास एक हजार डॉलर देण्याचें आधीं कबूल करावें. कांहीं गांवांनीं हा भार पतकरला नाहीं, आणि त्यांचा योग हुकला. ज्यांनीं पतकरला, त्या लहान लहान गांवांत त्या इमारतींपैकीं पुष्कळ आजहि ग्रंथालयें म्हणूनच उभ्या आहेत. इमारत हें एका दिवसाचें काम आहे. वाचनालय हें दरवर्षाचें काम आहे. धनिकाचें दान पहिल्यास पुरतें, दुसऱ्यास गांवच लागतें.

आतां पुन्हां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबई सरकारनें १९३९ मध्यें आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका आणि अगदीं लहान खेड्यापर्यंत ग्रंथालयांची एक उतरंड असावी, अशी योजना तिनें १९४० च्या अहवालांत मांडली. तिचा कांहीं भाग स्वातंत्र्याच्या सुमारास अमलांत येऊं लागला. १९४८ मध्यें मद्रास प्रांतानें ग्रंथालयांचा कायदा केला. त्यामागें ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन् यांचा प्रयत्न होता. त्या कायद्यानें घरपट्टीवर ग्रंथालयासाठीं एक लहानसा उपकर बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्यें झाला, परंतु त्यांत असा उपकर नाहीं. आपल्या राज्यानें दुसरा मार्ग स्वीकारला. लोकांनीं चालविलेल्या वाचनालयांस सरकार मान्यता देतें, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतें, आणि वर्गाप्रमाणें अनुदान देतें. अशीं मान्यताप्राप्त वाचनालयें आज राज्यांत हजारोंनीं आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक सर्व लोकांच्या संस्था आहेत.

याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्या गांवचें वाचनालय सरकारचें नाहीं. सरकार त्यास हात देतें; चालवावें लागतें तें गांवच्या कार्यकारी मंडळास. अनुदानास मर्यादा आहे, तें हप्त्याहप्त्यानें येतें, आणि त्यांतूनच ग्रंथ, नियतकालिकें व सेवकांचें वेतन भागवावयाचें असतें. म्हणून ग्रंथपालाचें वेतन तुटपुंजें राहतें, छप्पर गळूं लागलें तर दुरुस्तीचा प्रश्न उभा राहतो, आणि नव्या पुस्तकांची यादी दरवर्षीं आंखूड होते. त्यांतच २०२० सालच्या साथींत वाचनालयें कित्येक महिने बंद राहिलीं. संवय मोडण्यास तितका काळ पुरेसा असतो. अनुदानाच्या जोरावर दार उघडें राहतें; पण वाचक आंत आले नाहींत, तर तें दार उघडें असून नसून सारखेंच.

गांव पाठीशीं असलें म्हणजे काय घडतें, याचें उदाहरण कोंकणांतच आहे. चिपळूणचें वाचनालय १८६४ चें. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हें त्याचें आजचें नांव. वाशिष्ठी नदीच्या कांठीं वसलेल्या या गांवास पुराचें भय नित्याचें. २००५ च्या महापुरांत वाचनालयांत पाणी शिरलें आणि ग्रंथांची मोठी हानि झाली. गांवानें तें पुन्हां उभें केलें. इतकेंच नव्हे, तर आठ वर्षांनीं, २०१३ च्या जानेवारींत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणास भरलें, तेव्हां त्याचें यजमानपद याच वाचनालयानें निभावलें. २०२१ च्या जुलैच्या २२ तारखेस पुन्हां पूर आला, पुन्हां ग्रंथ भिजले, आणि पुन्हां गांव कामास लागलें. चिखलांतून पुस्तक उचलून तें पुसणारे हात कोणत्याहि अनुदानाच्या नियमांत सांपडत नाहींत. ते आधींपासून वाचनालयाशीं जोडलेले असावे लागतात. पुराच्या दिवशीं ते नव्यानें निर्माण होत नाहींत.

दुसरें उदाहरण साताऱ्याकडील भिलारचें. २०१७ च्या मे महिन्यांत त्या खेड्यास ‘पुस्तकांचें गांव’ करण्याची योजना सरकारनें सुरू केली. कल्पना सरकारची आणि ग्रंथहि सरकारचे. परंतु ते ठेवण्यास गांवकऱ्यांनीं आपल्या घरांतील खोल्या दिल्या, आणि येणाऱ्या वाचकांस आपल्या ओसरीवर बसूं दिलें. घरधन्यानें दार उघडलें नसतें तर ती योजना कागदावरच राहिली असती.

वाचकहो, या सर्व इतिहासाचा बोध एकच आहे. देणगी, इमारत, अनुदान, कायदा हीं सर्व हवींच. परंतु तीं त्या वांट्यांपैकीं दुसरा आणि तिसरा वांटा होत. पहिला वांटा गांवाचा, आणि तो पैशापेक्षां सहवासाचा अधिक आहे. आतां आपल्या धर्मग्रामापुरता प्रश्न असा कीं, त्या पहिल्या वांट्यांत आपला वांटा किती? वर्गणीदारांच्या वहींत आपल्या किती घरांचीं नांवें आहेत? ज्याचें उत्तर त्यानें आपल्याशींच द्यावें. मी येथें कांहीं व्यवहार्य गोष्टी तेवढ्या सुचवितों.

पहिली गोष्ट वर्गणीची. महिन्याची वर्गणी बहुधा एका वेळच्या चहाफराळाइतकीच असते. ती प्रत्येक घरानें भरावी, मुलांचीं नांवें बालविभागांत घालावीं, आणि घरांतील कोणी तरी आठवड्यांतून एकदां तेथें जाईल असा नेम ठेवावा. वर्गणी भरून न जाणारा सभासद हा निम्माच सभासद होय. थेंबे थेंबे तळें सांचतें हें खरें, पण तळ्यावर कोणी पाण्यास आलें नाहीं तर त्यावर शेवाळ धरतें.

दुसरी गोष्ट ग्रंथदानाची. घर झाडतांना निघालेलीं फाटकीं पाठ्यपुस्तकें आणि जुने मार्गदर्शक वाचनालयाच्या दारांत नेऊन टाकणें म्हणजे दान नव्हे. तो आपला केर दुसऱ्याच्या घरीं ठेवणें होय. द्यावयाचें तर आधीं ग्रंथपालास विचारावें. त्याच्याजवळ वाचकांनीं मागितलेल्या आणि न मिळालेल्या पुस्तकांची यादी असते. नामकरण, लग्न, किंवा घरांतील वडीलधाऱ्यांचा स्मृतिदिन अशा प्रसंगीं त्या यादींतील एक नवें पुस्तक घेऊन द्यावें. घेतलेलें पुस्तक वेळेवर परत करणें हेंहि एक मोठें दानच आहे, आणि त्यास खर्च कांहींच येत नाहीं.

तिसरी गोष्ट श्रमाची. पुस्तकांस धूळ, ओल, कसर आणि वाळवी हे चार शत्रु. पावसाळ्यापूर्वी कपाटें भिंतीपासून दूर सरकविणें, पुस्तकें उघडून झटकणें, सुटलेलीं पानें चिकटविणें, बांधणीसाठीं द्यावयाचीं पुस्तकें वेगळीं काढणें, नोंदवही व कपाट ताडून पाहणें, हीं कामें एकट्या ग्रंथपालाच्यानें होत नाहींत. आपली तरुण मंडळी सणाच्या तयारीस रात्र-रात्र जागतात. त्यांनीं वर्षांतून दोन रविवारीं मिस्सेनंतर दोन-दोन तास तेथें दिले तर मोठें काम होईल. ज्या वृद्धांस दिसत नाहीं किंवा जिना चढवत नाहीं, त्यांना घरीं पुस्तक नेऊन देणें आणि थोडा वेळ वाचून दाखविणें, हें तर दयेच्या कृत्यांतच मोडेल.

चौथी गोष्ट कारभाराची. वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा असते. हिशेब वाचला जातो, कार्यकारी मंडळ निवडलें जातें, आणि समोर मोजकींच माणसें बसलेलीं असतात. सभासदानें त्या सभेस जावें, हिशेब ऐकावा, प्रश्न विचारावा, आणि बोलाविलें तर कामहि पतकरावें. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकांत वाचनालयासाठीं कांहीं तरतूद आहे कीं नाहीं, हें आपल्या निवडून दिलेल्या प्रतिनिधीस विचारण्याचा प्रत्येक नागरिकास अधिकार आहे. बडोद्याच्या महाराजांस जो विचारणारा मनुष्य हवा होता, तो हाच.

येथें एक आक्षेप येईल कीं, आतां सर्व कांहीं मोबाईलवर मिळतें, मग वाचनालय कशाला? पुष्कळ मिळतें, हें खरें. परंतु आपल्या गांवांत पन्नास वर्षांपूर्वी निघत असलेल्या साप्ताहिकाचा अंक, बंद पडलेल्या शाळेचा अहवाल, किंवा गांवच्याच एखाद्या मास्तरानें पदरमोड करून छापलेलें पुस्तक सहसा तेथें मिळत नाहीं. मिळालें तर गांवच्या वाचनालयांतच मिळतें. आणि दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार असलेल्या घरांतील मुलास परीक्षेच्या दिवसांत जी शांत जागा, दिवा आणि टेबल हवें असतें, तें कोणत्याहि यंत्रांतून बाहेर काढतां येत नाहीं. वाचनालयाची अभ्यासिका बंद झाली तर श्रीमंताच्या मुलाचें कांहींच अडत नाहीं. ज्याचें अडतें, तो मुलगा तक्रार करावयास येत नाहीं. तो शांतपणें अभ्यास सोडून देतो. आपल्या निष्काळजीपणाची खरी किंमत अशी असते, आणि ती कोणत्याच हिशेबांत दिसत नाहीं.

शेवटीं एक लहानशी सूचना या स्मरणिकेसंबंधीं. हिच्यांत आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचीं नांवें, जुनीं छायाचित्रें आणि गांवचा कांहीं इतिहास आला आहे. अशा स्मरणिका महोत्सवानंतर घरांतील फडताळांत जातात, आणि पुढच्या महोत्सवास एकहि प्रत सांपडत नाहीं. म्हणून हिच्या दोन प्रती गांवच्या वाचनालयास द्याव्या, त्यांची नोंद करून घ्यावी, आणि त्या पोंचविण्यास एकट्या धर्मगुरूनें न जातां प्रत्येक वाडींतील एकेका घरानें बरोबर यावें. त्या दिवशीं तेथें वर्गणीची वही मागून घ्यावी. आज जे वाचावयास शिकत आहेत, त्यांना आपला इतिहास त्या कपाटांत मिळावा, आणि तें कपाट तोंवर उघडें राहावें, एवढी प्रभुचरणीं प्रार्थना.